साहेबांपर्यंत वाईट बातमी किती वेळात पोहोचते?

२२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरलं आणि न थांबता पलीकडच्या दरीत गेलं. विमानात १६६ जण होते, त्यातले १५८ गेले. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीने या अपघाताचा जो अहवाल दिला, तो माणसांकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त वेळ झोपलेला होता. उतरायची वेळ आली तेव्हा विमान हवं त्यापेक्षा बरंच उंचावर होतं आणि वेगही जास्त होता. शेजारच्या सहवैमानिकाला हे दिसत होतं. त्याने 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असं तीन वेळा सांगितलं. यंत्रणाही इशारे देत होती. कॅप्टनने विमान उतरवणं चालूच ठेवलं. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीपैकी सुमारे ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं जमिनीला टेकली.

चूक कॅप्टनची, हे अहवालाने स्पष्टच म्हटलं आहे. पण अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. सहवैमानिकाने स्वतः विमानाचा ताबा घेऊन गो अराउंड करायचा की नाही, याबद्दलच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती. बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला, पण कंट्रोल्स त्याने हातात घेतले नाहीत.

संकट दिसलेला माणूस तिथेच होता, बोललाही होता, आणि तरी काही उपयोग झाला नाही. कामाच्या ठिकाणच्या नेतृत्वाचा विचार मी गेली कित्येक वर्षं याच प्रश्नापासून सुरू करतो. तुमच्या हाताखालच्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला गडबड दिसली, तर तो ती किती वेळात सांगतो? आणि सांगितल्यावर काम थांबवायचा अधिकार त्याच्या हातात आहे का? माझ्या मते नेता किती परिणामकारक आहे, हे मोजायला याहून चांगलं माप नाही.

आपल्याकडे नेतृत्वावर बोलणं कमी होत नाही. औद्योगिक वसाहतींतल्या संघटना हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराची शिबिरं घेतात, आयटी कंपन्या नव्याने मॅनेजर झालेल्यांना ट्रेनिंगला पाठवतात, मोबाइलवर रोज सकाळी एखादा सुविचार येऊन पडतो. अशा शिबिरांना मी बसलेलो आहे. दूरदृष्टी, आत्मविश्वास, वक्तृत्व, टीमला प्रेरणा कशी द्यावी, वेळेचं नियोजन, हे सगळं तिथे असतं आणि त्यातलं काहीच वाईट नाही. पण हे सगळं साहेबाने खाली काय द्यायचं, याबद्दल आहे. खालून वर काय यायला हवं आणि ते का येत नाही, यावर पूर्ण दिवसात अर्धा तासही जात नाही. आणि माझ्या पाहण्यात धंदे बुडाले, गिऱ्हाईक तुटलं, माणसाचा हात मशीनमध्ये गेला, ते साहेबाचं वक्तृत्व कमी पडलं म्हणून नाही. प्रत्येक ठिकाणी आधी कुणाला तरी ते दिसलेलं होतं.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम करताना मी जे पाहिलं, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण हा प्रश्न तपशिलातच कळतो.

रात्रपाळी, पहाटेचे अडीच. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर एका बुशचं, म्हणजे धातूच्या नळीसारख्या भागाचं, बोअर (आतलं भोक) मारायचं काम चालू आहे. व्यास २५ मिलिमीटर, जास्त झाला तर सूट २१ मायक्रॉनची, कमी झाला तर शून्य. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर ही सूट किती आहे ते लक्षात येईल. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजला म्हणून ऑपरेटरने तो बदलला आणि ऑफसेट दिला, म्हणजे पात्याची जागा मशीनमध्ये नव्याने भरली. तो थोडा जास्त गेला. पुढचे पीस निघत राहिले. ठरल्याप्रमाणे दर दहा पीसमागे एक तपासायचा असतो, पण त्याच्याकडे दोन मशीन आहेत आणि दुसऱ्यावर चिप अडकली होती. तिकडून परत येऊन त्याने गेज लावला, तर 'नो-गो' बाजू, जी आत जायलाच नको, ती सहज आत गेली. बोअर मोठं झालं होतं. बिनमध्ये तोवर तीस-चाळीस पीस पडलेले.

आता त्याच्या डोक्यात काय चालतं ते बघा. मशीन थांबवून सेटरला बोलवावं, तर मशीन लावून देणारा हा सेटर तीन लाइनींना मिळून एक, आणि या क्षणी तो दुसऱ्या शेडमध्ये आहे. पीस वेगळे काढावेत, तर सकाळी बोर्डावर उत्पादन कमी दिसणार. सकाळी सुपरवायझर पहिला प्रश्न विचारणार तो 'किती निघाले?' हाच. कमी का, याचं उत्तर दिलं की दुसरा प्रश्न येणार, 'झोपला होतास का?' आणि तो सगळ्यांसमोर येणार. उलट ऑफसेट दुरुस्त करून तो गप्प राहिला, तर ते पीस चांगल्या पिसांत मिसळतील आणि कदाचित पकडले जाणारही नाहीत. पकडले गेले तरी त्याला दोन-तीन आठवडे लागतील, आणि तोवर कुणाच्या पाळीत काय झालं हे कोण सांगणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो ऑफसेट दुरुस्त करतो आणि पुढच्या पीसला लागतो.

हा माणूस आळशी किंवा अप्रामाणिक नाही. त्याच्यापुढे कारखान्याने जो हिशेब मांडून ठेवला आहे, त्यात त्याने घेतलेला निर्णय अगदी बरोबर बसतो. मालकाने हे समजून घेतलं नाही, तर पुढे जे होतं ते हमखास होतं. गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर बुश सैल बसतो, सगळा साठा अडवला जातो, आपली माणसं तिथे जाऊन दोन-दोन दिवस सॉर्टिंग करतात, नुकसान आपल्याकडून वसूल करणारी डेबिट नोट येते. मग गिऱ्हाईक चुकीचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा, आठ टप्प्यांचा ८-डी रिपोर्ट मागतं. असे रिपोर्ट मी इतके वाचले आहेत की मूळ कारणाच्या रकान्यात काय असणार हे न बघता सांगता येतं. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' उपायाच्या रकान्यात, 'ऑपरेटरला समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं.' खाली ऑपरेटरची सही. त्या दिवसापासून त्या शॉपवरचा प्रत्येक जण काय शिकतो? पुढच्या वेळी मूठ आणखी घट्ट झाकायची. म्हणजे ज्या कागदाने चूक पुन्हा होऊ नये याची व्यवस्था करायची, तोच कागद पुढची चूक लपवायचं शिक्षण देतो.

कचेऱ्यांतही वेगळं नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही प्रोजेक्टची साप्ताहिक बैठक बघा. स्लाइडवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. महिनोन्‌महिने सगळं हिरवं असतं आणि रिलीजच्या आदल्या आठवड्यात एकदम लाल होतं. कोड लिहिणाऱ्या मुलीला ते दोन महिने आधी माहीत होतं. तिने टीम लीडला सांगितलं, त्याने ते जरा सौम्य करून मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने आणखी सौम्य करून वर. चौथ्या पायरीवर पोहोचेपर्यंत 'हे होणार नाही'चं 'थोडं आव्हान आहे, पण टीम बघतेय' झालेलं असतं. यात कुणी एक माणूस खोटं बोललेला नसतो.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या माणसाने यंत्रमागांवर काम केलं. सूत तुटलं की माग आपोआप थांबला पाहिजे, यावर त्यांनी अनेक वर्षं डोकं लावलं. सूत तुटल्यावरही माग चालत राहिला तर खराब कापड विणलं जात राहतं आणि ते पाहत बसायला प्रत्येक मागाशी एक माणूस लागतो. त्यांचा १९२४चा स्वयंचलित माग जगभर गाजला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुढे त्यांच्या घराण्याने मोटारी बनवायला घेतल्या तेव्हा हाच विचार माणसांपर्यंत नेला. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर डोक्यावरून एक दोरी जाते. कुठल्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं की ती ओढायची. ओढली की दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. तो ठरलेल्या अंतराच्या आत अडचण सोडवू शकला तर लाइन चालू राहते, नाही तर थांबते. टीम लीडरचं पहिलं काम दोरी ओढणाऱ्याची अडचण समजून घेणं हे असतं. दोरी का ओढली म्हणून जाब विचारणं त्यात बसत नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. 'ते जपानी आहेत हो. आमच्याकडची माणसं तशी नाहीत. त्यांच्या हातात दोरी दिली तर दिवसभर ओढत बसतील.' हे मी शिकलेल्या, भल्या, कामगारांशी चांगलं वागणाऱ्या मालकांकडूनही ऐकलं आहे. म्हणून या आक्षेपाचं उत्तर नीट द्यायला हवं, आणि सुदैवाने ते इतिहासात तयार आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी प्रचंड, संप, तक्रारींचा ढीग, गाड्यांचा दर्जा कंपनीतल्या सगळ्यात वाईटांपैकी. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना 'नमी' या नावाने पुन्हा सुरू केला. युनियन तीच ठेवली आणि कामगारही बहुतांशी जुनेच घेतले, म्हणजे ज्यांच्या नावाने सगळे बोटं मोडत होते तेच. त्यांच्या हातात लाइन थांबवायची दोरी दिली. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ पोहोचला आणि गैरहजेरी खाली आली. दिवसभर दोरी ओढत बसलं नाही कुणी. पुढची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. हे सगळं स्वतःच्या घरात घडत असताना जनरल मोटर्सला ते आपल्या इतर कारखान्यांत नेणं वर्षानुवर्षं जमलं नाही. दोऱ्या लावणं सोपं होतं. दोरी ओढल्यावर संतापणारे मॅनेजर बदलणं अवघड गेलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो छोट्या मालकाच्या तोंडून आला की मला तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो. त्याचं घर बँकेकडे गहाण आहे. गिऱ्हाईक रोज सकाळी माल मागतं. गाडी उशिरा गेली आणि तिकडची लाइन थांबली, तर मिनिटांच्या हिशेबाने दंड लागतो. अशा माणसाला 'ऑपरेटरला मशीन थांबवू द्या' म्हणणं सोपं नाही. पण त्याचा दंड, त्याच्या सॉर्टिंगचा खर्च, विमानाने तातडीने पाठवलेल्या मालाचं भाडं, हे सगळं एकत्र मांडलं तर त्यातला फार मोठा भाग उशिरा कळलेल्या गोष्टींचा असतो. पहाटे अडीचला तीस-चाळीस पीस बाजूला काढले, तर नुकसान तेवढ्या पिसांचं. तीन आठवड्यांनी तेच पीस सापडले, तर नुकसान हजारो पीस तपासायचं आणि गेलेल्या विश्वासाचं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि हे झाकणं छोट्या मालकालाच सगळ्यात महाग पडतं.

एका कारखान्यातली पद्धत मला आवडली होती. प्रत्येक मशीनशेजारी खराब पीस टाकायचा लाल डबा होता, तसा तो सगळीकडेच असतो. इथे नियम वेगळा होता. पाळी संपायच्या आत ऑपरेटरने स्वतःहून लाल डब्यात टाकलेला पीस त्याच्या नावावर रिजेक्शन म्हणून लागत नसे. नंतर दुसऱ्याने शोधलेला लागे. मालक सकाळी आले की केबिनमध्ये न जाता आधी लाल डब्यांपाशी जात, एखादा पीस उचलून विचारत, 'दादा, हा कसा सापडला?' सापडला कसा, हा शब्दप्रयोग ते रोज तसाच करत. पहिले काही महिने रिजेक्शनचा आकडा वर गेला आणि त्यांचा अकाउंटंट काळजीत पडला. मालकांनी धीर धरला. मग गिऱ्हाइकाच्या तक्रारी कमी होत गेल्या. हा धीर धरणं हेच त्यांचं नेतृत्व होतं असं मी म्हणेन, कारण त्या महिन्यांत त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं.

आकडे आधी वाढतात याला संशोधनाचाही आधार आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांत टीम चांगली, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की तिथे नर्सेस चुका बोलून दाखवत होत्या आणि बाकीच्या ठिकाणी त्या नोंदीतच येत नव्हत्या. म्हणून एखादा साहेब अभिमानाने म्हणतो, 'माझ्या विभागातून कधी तक्रार येत नाही', तेव्हा मला त्या विभागाची भीती वाटते.

विमान वाहतुकीने हा धडा आपल्याआधी आणि फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसं मेली. केएलएमचा कॅप्टन कंपनीत इतका मोठा की जाहिरातीत त्याचा फोटो होता. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना कॉकपिटमध्येच बसून यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनीअरने शंका काढली होती, ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे 'झालंय' म्हटलं आणि विषय संपला. या आणि अशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, कनिष्ठाने शंका कशा शब्दांत मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकून काय करावं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. कित्येक कंपन्यांत आज नियमच आहे की दोघांपैकी कुणीही गो अराउंड म्हटलं की तो करायचा, चर्चा नंतर जमिनीवर. वरिष्ठाच्या अनुभवाचा यात अपमान होतो असं तिथे कुणी मानत नाही.

आपल्याकडे मात्र साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे लहानपणीच कानावर पडतं. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हेही. घरात वडिलांपुढे, शाळेत सरांपुढे, आणि मग शॉपवर साहेबांपुढे मान खाली. हे संस्कार वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्यात माणसाचं काही जात नाही. पण साहेबाने ही सवय ओळखून वागायला हवं. 'माझ्या केबिनचं दार सगळ्यांना उघडं आहे' असं म्हणून तो मोकळा होऊ शकत नाही. तेलाचे हात पुसून, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत, काचेच्या दारातून एसी केबिनमध्ये शिरणं ऑपरेटरला जमणार नाही. हे अंतर साहेबाने तुडवायचं असतं, आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य जपून बोलायचं असतं. 'कोणी केलं?' या प्रश्नाने तोंडं बंद होतात. 'माल कुठपर्यंत गेलाय?' या प्रश्नाने माणसं कामाला लागतात. एकाला एकदा सगळ्यांसमोर झापलं की ते पाहणारी माणसं वर्षानुवर्षं ते विसरत नाहीत, नवीन आलेल्यालाही पहिल्याच आठवड्यात सांगतात.

शिवाजी महाराजांचं व्यवस्थापन हा विषय नेतृत्वाच्या व्याख्यानांत हमखास असतो. गनिमी कावा, आग्र्याहून सुटका, धाडस हे सगळं सांगितलं जातं. मला त्या व्याख्यात्यांना एक विनंती करावीशी वाटते. मे १६७४ मध्ये, राज्याभिषेक तोंडावर आलेला असताना, महाराजांनी चिपळूणकडे छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र श्रोत्यांपुढे सावकाश वाचा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आताच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून दाणे, गवत, लाकूड, भाजी उचलाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील. गवताच्या गंजींजवळ कुणी आगटी (शेकोटी) करेल, कुणी चिलीम ओढेल. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल. छत्रपती होऊ घातलेला राजा उंदराने नेलेल्या वातीबद्दल लिहितो आहे. ही माहिती आकाशातून पडत नाही. छावणीत काय बिघडतं, कसं बिघडतं, हे राजापर्यंत पोहोचत होतं आणि पोहोचवणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटत होतं, असाच अर्थ मी त्यातून काढतो. शिवाय त्या पत्रात नुसता हुकूम नाही, प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. हवालदाराला कारण कळलं की पत्रात नसलेल्या प्रसंगीही तो योग्य वागू शकतो.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठेही जा. मशीनवर उभा असलेला मुलगा बहुतेकदा कंपनीचा नसतो. तो कंत्राटदाराचा असतो, नाही तर ट्रेनी किंवा अप्रेंटिस. बीड, नांदेड, यवतमाळ, नाही तर बिहार, ओडिशातून आलेला, एका खोलीत सहा-सात जण राहणारा. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने काही हक्क लागू होतात, म्हणून त्याआधी 'ब्रेक' द्यायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी. त्याला मशीन कळायला लागतं तेव्हा तो जातो. तो आहे तोवर त्याला सेक्शन इनचार्जचं नाव धड माहीत नसतं आणि इनचार्जला त्याचं.

या मुलाला गडबड दिसते. ती दिसणारा तो पहिला, आणि पुष्कळदा एकटा. त्याने मशीन थांबवलं तर उद्या गेटवर कार्ड चालेल याची त्याला खात्री नाही. मग मालकाने दूरदृष्टीच्या कितीही कार्यशाळा केल्या तरी काय उपयोग? सहवैमानिकाला निदान बोलायची सोय होती आणि तो तीनदा बोलला. या मुलाला बोलायची सोयही आपण ठेवलेली नाही. ज्याला काढून टाकणं सगळ्यात सोपं, त्याच्याच डोळ्यांवर आपला दर्जा आणि सुरक्षितता उभी आहे. पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तर याची किंमत तुटलेल्या बोटांनी मोजली जाते. उत्पादन वाढावं म्हणून हात वाचवणारा सेन्सर बंद करून ठेवलेली प्रेस कुठली, हे तिथल्या प्रत्येक ट्रेनीला माहीत असतं, आणि अपघात झाल्यावर वरचे सगळे म्हणतात, 'आम्हाला कल्पनाच नव्हती.' ते खरंही असतं. कल्पना येऊ नये अशीच सगळी मांडणी असते.

कंत्राटी पद्धत उद्या बंद होईल अशी माझी भाबडी समजूत नाही. तिच्या कायदेशीर बाजूवर भांडणारे लोक आहेत आणि त्यांनी भांडावं. पण कंत्राटी मुलाला मशीन थांबवायचा लेखी अधिकार द्यायला, आणि त्या कारणाने त्याला ब्रेक मिळणार नाही असं कंत्राटदाराच्या करारात घालायला, आज कुठलाही कायदा आडवा येत नाही. पहिल्या दिवशी हेल्मेट आणि बुटांबरोबर त्याला रात्रपाळीच्या जबाबदार माणसाचा नंबर द्यायला पैसे लागत नाहीत. चुकीच्या कारणासाठी त्याने मशीन थांबवलं, तर ते कारण चुकीचं कसं, हे त्याला तिथेच समजावून सांगता येतं. त्यातून तो शिकतो आणि पुढच्या वेळी नेमकं थांबवतो.

यात मोठ्या वाहन कंपन्यांची जबाबदारी मला मालकांइतकीच वाटते. त्या पुरवठादारांचं दरवर्षी ऑडिट करतात. गेज कॅलिब्रेट केलेत का, काय कसं तपासायचं ते सांगणारा कंट्रोल प्लॅन लावलाय का, जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत का, याची पानंच्या पानं तपासणी होते. ऑडिटच्या आदल्या रात्री सगळं रंगवून तयार ठेवता येतं, आणि ठेवलं जातं. या यादीत एक प्रश्न वाढवावा. गेल्या महिन्यात ऑपरेटरने स्वतःहून मशीन किती वेळा थांबवलं, त्यात कंत्राटी मुलं किती, आणि त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं? ज्या कारखान्यात उत्तर शून्य येईल, तिथे ऑडिटरने फाइल बाजूला ठेवावी, सुपरवायझरला बाहेर थांबायला सांगावं आणि रात्रपाळी केलेल्या दोन ट्रेनींना समोर बसवून चहा मागवावा.